कापडाची खालची बाजू

१

फोटो मोठा करून सरचिटणीसांच्या केबिनच्या भिंतीवर डकवला होता. त्याखाली ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती, म्हणजे साहेब सकाळपासून नुसते त्या फोटोकडे बघत बसले असणार.

"बघा बाई," ते म्हणाले, "आणि शुक्रवारपर्यंत संपवा."

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. नेमणुकीच्या वेळीच मी हे सांगितलं होतं, पण महासंघाला तसंच कुणीतरी हवं होतं. ज्याला खेळ कळतो तो बाजू घेतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वकिली सोडल्यावर दुखऱ्या गुडघ्यासोबत ही चौकशी अधिकाऱ्याची खुर्चीही माझ्या पदरात पडली. दर हंगामात तेच. कुणीतरी कुणाच्या आईवरून घोषणा देतं, कुणी झेंडा जाळतं, आणि मी जाऊन विचारते, का हो, असं का केलंत? कुणीच केलेलं नसतं.

फोटोत गोलच्या मागचा उत्तर स्टँड होता. तिथले लोक उभ्यानेच सामना बघतात. त्यांच्या डोक्यांवरून एक अवाढव्य गडद निळं कापड पसरलं होतं, आणि त्यावर पांढऱ्या जाड अक्षरांत लिहिलं होतं: "पुढची बोट कधी?" खाली उलटलेली बोट काढली होती. बोटीच्या वर फिकट उभ्या रेघा होत्या, रांगेने, सारख्या अंतरावर.

"तो पाऊस," सरचिटणीसांनी समजावलं.

बोट कुठली ते मला विचारावं लागलं नाही. नदीपल्याडची लढाई चुकवून येणारी बोट गेल्या वर्षी मधोमध उलटली आणि पोराबाळांसकट माणसं बुडाली. त्यानंतर 'पुढची बोट कधी?' हे वाक्य एका निवडणुकीच्या सभेत कुणीतरी पहिल्यांदा टाळ्यांसाठी फेकलं, आणि मग ते गावभर झालं. फोटोतल्या सामन्याच्या दिवशी पाहुणा संघ पल्याडून आलेल्या लोकांच्या वसाहतीतला होता. बुडालेल्यांचे नातेवाईक समोरच्या स्टँडमध्ये बसले होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एकामागून एक उठले आणि निघून गेले.

"आणि हा," सरचिटणीसांनी फोटोत बोट टेकवलं. स्टँडपुढच्या चौथऱ्यावर मैदानाकडे पाठ करून एक माणूस उभा होता, दोन्ही हात हवेत. "भोंगा. स्टँडचा म्होरक्या. हातात भोंगा घेऊन गाणी म्हणवून घेतो. हात बघा, वर घ्या, वर घ्या म्हणतोय. कापड नंतर जाळलं, तेही यानेच. कबूलही केलंय. अंतरिम बंदी घातलीच आहे. तुमचा अहवाल आला की आजन्म करू आणि स्टँड बंद."

"कबूल केलंय तर मी कशाला?"

"पद्धत आहे."

मी फाइल उचलली. दाराशी पोचले तोवर ते मागून म्हणाले, "त्याची मुलगी क्लबच्या मुलींच्या संघात आहे. रविवारी तिचा पहिला सामना, त्याच मैदानावर. रडगाणं गाईल, ऐकू नका."

२

भोंगा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इस्पितळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत तो मला सापडला. ग्रीसने काळे हात, चाळिशीचा, आणि आवाज इतका बारीक की याला भोंगा का म्हणतात ते लक्षात आलं. भोंग्याशिवाय याचं कुणाला ऐकूच गेलं नसतं.

"मीच केलं मॅडम. लिहून टाका."

"रंगवलं कुठे?"

"घरी."

"एवढं कापड मावेल असं घर आहे तुमचं?"

तो पान्हा पुसत राहिला. मी आजवर पुष्कळ खोटारडे पाहिलेत. खोटं बोलणारा माणूस नाही म्हणण्यासाठी खोटं बोलतो. हो म्हणण्यासाठी खोटं बोलणारा समोर आला की माझं डोकं उठतं, कारण मग घरी जाऊन पाय वर करून पडता येत नाही.

"हात वर का केले होते?"

"सवय आहे."

"त्या दिवशी तुमच्या स्टँडला वेगळाच बॅनर दाखवायचा होता म्हणे."

"म्हाताऱ्याचा." त्याचा चेहरा जरा सैल झाला. "आमचा मैदानवाला. उभा जन्म गवत कापलं, रेषा आखल्या. मागच्या महिन्यात गेला. मामीने रात्री जागून त्याचा बॅनर शिवला, चेहरा आमच्या पोरांनी रंगवला."

"मामी म्हणजे?"

"माझी मामी. सख्खी. आईवडील गेल्यावर तिनेच वाढवलं. शिवणकाम करते. अख्खा स्टँड तिला मामीच म्हणतो."

जो तो एकच विचारत होता की तो घाणेरडा बॅनर आणला कुणी. मला आपलं गृहिणीचं डोकं. घरात एक चादर जास्तीची दिसली की मी आधी विचारते, आधीची कुठे गेली?

"मग म्हाताऱ्याचा बॅनर आहे कुठे?"

पान्हा खाली पडला. लिफ्टच्या पोकळीत तो आदळत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"मॅडम, तुमच्या पाया पडतो," तो म्हणाला, "तेवढं विचारू नका. आजन्म बंदी घाला, पण रविवारचा एक दिवस सोडा. पोरीने मला चारदा विचारलंय, बाबा कुठे उभे राहणार."

३

क्लबचे सचिव मैदानावरच भेटले. पँट दुमडलेली, पायात रबरी बूट, आणि ते स्वतः रेषा आखायचं यंत्र ढकलत होते. छोट्या हातगाडीवर रंगाची टाकी, खाली चाक. गाडी जाईल तिथे मागे पांढरी रेघ उमटत होती.

"म्हातारा गेला, नवा माणूस मिळेना," ते घाम पुसत म्हणाले. "सचिव झालो म्हणून काय झालं? क्लब आपला आहे. यंत्र त्याचं, किल्ल्या त्याच्या, आता सगळं माझ्याच गळ्यात. रंग बाकी झकास, पाच मिनिटांत वाळतो."

मला ते आवडले, हे कबूल करते. त्यांनी खुर्ची मागवली, माझा गुडघा बघून दुसरी पाय ठेवायला मागवली. मग उत्तर स्टँडचा विषय त्यांनीच काढला.

"तीन हंगाम झाले, तिथे खुर्च्या टाकू द्या म्हणून हात जोडतोय. जुना करार आहे, त्यांना कुणी हलवू शकत नाही. मी तरी किती दिवस सांभाळून घेणार? आता महासंघच बंद करणार म्हटल्यावर माझा इलाज नाही. वाईट वाटतं ते म्हाताऱ्याचं. काय सुरेख काढला होता हो त्याला! कानाला ट्रान्झिस्टर, हुबेहूब. ते दिसायचं राहिलं आणि भलतंच दिसलं."

स्टँडखालच्या कोठीच्या दारात आगवाले काका बसले होते. अग्निशामक दलातून निवृत्त झालेले, आता महासंघाकडून बॅनर तपासतात. गेल्या हंगामातल्या भानगडीनंतर आम्हीच नियम केला होता: प्रत्येक बॅनर आदल्या दिवशी आणायचा, तपासून शिक्का घ्यायचा आणि रात्रभर क्लबच्या कोठीत कुलपात ठेवायचा.

"तपासता म्हणजे काय करता?"

"गुंडाळीचा कोपरा ओढतो, त्याला काडी लावतो. पेटला नाही की शिक्का."

"उघडून वाचत नाही?"

"वाचायचं काम माझं नाही, बाई. वाचायला समिती आहे. चित्राचा कागद तिच्याकडे जातो."

समितीने कागद बघितला, कापड नाही. काकांनी कापड बघितलं, चित्र नाही. नियम मात्र आम्ही फार कडक केला होता, त्यावर पत्रकार परिषदही घेतली होती. मला त्या क्षणी तिथेच कोठीच्या पायरीवर आडवं व्हावंसं वाटलं.

"म्हाताऱ्याच्या बॅनरवर शिक्का मारला होता?"

"मारला होता की. माझ्यासमोर सचिवांनी कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी तीच गुंडाळी बाहेर नेली, मी कोपऱ्यावरचा शिक्का बघितला आणि सोडलं." काकांनी आवाज खाली आणला. "म्हणून तर झोप लागत नाही. आत गेला तो म्हातारा, बाहेर आला तोही शिक्क्याचा म्हातारा. मग वर गेली ती बोट कुठून आली?"

४

त्या कापडाखाली उभा असलेला एक साक्षीदार माझ्या यादीत होता, पण त्याच्या जबाबावर सरचिटणीसांनी लाल पेनाने 'थापा' असं लिहिलं होतं. दातांचा डॉक्टर. स्टँडवर हा त्याचा पहिलाच हंगाम. मी गेले तेव्हा एका बाईच्या तोंडात त्याचे दोन्ही हात होते, त्यामुळे मला थांबावं लागलं.

"थापा कशाला मारू?" हात धुताना तो म्हणाला. "कापड डोक्यावर आलं की खाली अंधारतं. धरायच्या पट्ट्या शोधत होतो, हाताला लागेनात. शेवटी नुसती कड मुठीत धरली. वर बघितलं तर म्हातारा! अगदी नाकासमोर. मला गलबलून आलं, खरंच. बाहेर लोक शिव्या का घालतायत तेच कळेना. बोटीचं मला घरी टीव्हीवर कळलं."

"तुम्हाला दोन बॅनर दिसले का?"

"एकच होता. म्हातारा."

हजारो लोकांनी बोट पाहिली, आणि हा शपथेवर सांगतो की म्हातारा होता. वेडा म्हणावा तर बाईची दाढ व्यवस्थित काढली होती.

मामीचं दुकान म्हणजे एक खोली. दोन शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे, आणि खिडकीपाशी लष्करी गणवेशातल्या एका माणसाचा फोटो. मी त्या फोटोकडे बघतेय हे तिने पाहिलं.

"आमचे हे. नदीपल्याडच्या गोळीने गेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं." तिने दोरा दाताने तोडला. "पुष्कळांना वाटतं मी त्या लोकांना शाप देत असेन. कंटाळा आला बाई शाप देण्याचा. बोट बुडाली त्या दिवशी मी जेवले नाही. बायका होत्या त्यात."

भोंगा कुणासाठी खोटं बोलतोय ते मला तेव्हाच कळलं. पण त्याला असं वाटावंच का, ते कळत नव्हतं.

"मामी, बॅनर कसा करतात ते दाखवाल?"

तिने जुना एक ओढून काढला आणि सांगू लागली. कापड जाड, ऊन पलीकडे जाऊ नये म्हणून मागून गडद निळं अस्तर, आणि अस्तराला रांगेने फिकट पट्ट्या शिवलेल्या, खाली उभ्या असलेल्यांना मुठीत धरायला.

"म्हाताऱ्याचाही असाच?"

"असाच. चेहरा पोरांनी काढला. समितीला दिलेल्या चित्रात कान मोकळे होते. मग न्यायच्या दुपारी मला आठवलं, ट्रान्झिस्टरशिवाय तो कधी दिसला होता? म्हणून काळ्या कापडाचा ट्रान्झिस्टर कापला आणि कानाशी शिवला. पोरं आली, गुंडाळी केली, तडक तपासणीला."

मी गुडघ्याला शिव्या देत खाली बसले आणि त्या जुन्या बॅनरखाली शिरले. मामी हसायला लागली. वर बघितलं. अंधार, निळं अस्तर, आणि पट्ट्यांच्या रांगा. चित्राचा मागमूस नाही.

"खालून काय दिसणार बाई," मामी बाहेरून म्हणाली, "खालून अस्तरच दिसतं."

"मग डॉक्टरला म्हातारा कसा दिसला?" मी कापडाखालूनच विचारलं.

बाहेर येऊन मी पर्समधला फोटो तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावला आणि बोटीवरच्या त्या फिकट उभ्या रेघांवरून बोट फिरवलं.

"हा पाऊस नाही," ती म्हणाली. "ह्या माझ्या पट्ट्या आहेत."

५

दोन बॅनर नव्हतेच. बॅनर एकच होता. रात्री कुणीतरी तो कोठीतून मैदानावर नेऊन उलगडला, अस्तरावर बोट काढली आणि उलटा गुंडाळून परत ठेवला. पोरांनी नेहमीसारखा उघडला. खालच्यांना म्हातारा दिसला, जगाला बोट दिसली. जुन्या लोकांना काहीतरी उलटं आहे हे कळलं असणार, पण भोंग्याने सगळं अंगावर घेतल्यावर ते गप्प बसले; नवखा डॉक्टर तेवढा बोलला. सगळ्या स्टँडमध्ये ती अक्षरं वाचू शकेल असा माणूस एकच होता, मैदानाकडे पाठ करून स्टँडकडे तोंड केलेला. त्याने हात वर केले ते खाली घ्या म्हणून ओरडताना. आवाज बारीक, भोंग्याला कोण विचारतो त्या गदारोळात. शेवटी त्याने स्वतः ओढून खाली घेतला. तेव्हा त्याला दुसऱ्या बाजूचा म्हातारा दिसला, म्हणजे मामीचं कापड. पोरांनी चेहरा रंगवला तेव्हा अस्तर मामीच्या दुकानात होतं. त्याला खिडकीपाशीचा मामाचा फोटो आठवला असणार, आणि हे मामीनेच केलं असं वाटलं असणार. त्याने कापड जाळलं आणि कबुली दिली.

सचिवांना भेटायच्या आधी मी काकांकडे गेले.

"कापड जळलं म्हणे," मी म्हटलं.

काकांना राग आला. "माझं तपासलेलं कापड जळत नाही! अपमान वाटला म्हणून दुसऱ्या दिवशी, ज्या पिंपात जाळलं त्यात हात घालून बघितलं. काळवंडलं होतं, एवढंच. मोठा तुकडा निघाला." त्यांनी तो पुरावा म्हणून नाही, स्वतःच्या अब्रूसाठी जपून ठेवला होता.

तुकड्याच्या एका बाजूला कानाचा रंग होता, आणि काळ्या कापडाच्या ट्रान्झिस्टरची कड. दुसऱ्या बाजूला निळं अस्तर, एक पट्टी, आणि पट्टीच्याही वरून गेलेली एक रुंद पांढरी रेघ.

सचिव गोलजवळ होते. त्यांनी पुन्हा खुर्ची मागवली. मी बसले नाही. तो तुकडा मी गोलपुढच्या पांढऱ्या रेषेवर ठेवला. अस्तरावरची रेघ आणि गवतावरची रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तंतोतंत जुळली.

"हे काय?" ते म्हणाले.

"तुमचं अक्षर. हातगाडीने लिहिलं की सगळ्या रेघा एकाच रुंदीच्या येतात. वळणं जमत नाहीत, म्हणून बोटसुद्धा चौकोनी आलीय. आणि रंग पाच मिनिटांत वाळतो हे तुम्हीच मला सांगितलंत."

"यंत्र कुणीही ढकलेल."

"कोठीची किल्ली म्हाताऱ्याकडे असायची, आता तुमच्याकडे. तुम्हीच म्हणालात, सगळं तुमच्याच गळ्यात."

"पोरांनीच केलं असेल. आणायच्या आधी."

"नाही केलं. हे बघा, रेघ पट्टीवरून गेलीय. ज्याला कापड डोक्यावर धरायचंय तो पट्ट्या उसवून दुसऱ्या बाजूला शिवेल, नाहीतर धरणार कसं? त्या स्टँडमधलं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. पट्ट्या कशासाठी असतात हे ज्याला ठाऊकच नाही त्याने हे केलंय. म्हणजे जो त्या कापडाखाली कधी उभाच राहिला नाही त्याने."

ते हसले. चांगलं, दमलेलं हसू. "मॅडम, हा तर्क झाला."

"मग ट्रान्झिस्टरचं सांगा. समितीच्या चित्रात तो नाही. मामीने तो न्यायच्या दुपारी शिवला. काकांनी गुंडाळी उघडली नाही. सामन्याच्या वेळी तुम्ही मानाच्या कक्षात, तिथून दिसली ती बोट. म्हाताऱ्याच्या कानाला काय आहे ते तुम्हाला कुठून कळलं?"

"स्टँडमधल्या कुणीतरी सांगितलं असेल."

"कुणी? नाव सांगा, मी आत्ता फोन करते."

त्यांनी नाव शोधलं. खरंच शोधलं, मला दिसत होतं. तीन हंगाम ज्यांना हलवायला निघाले होते, त्या स्टँडमधल्या एकाही माणसाचं नाव त्यांना येत नव्हतं. मग ते माझ्यासाठी आणलेल्या खुर्चीवर बसले आणि बूट काढू लागले.

"मला त्या लोकांबद्दल काही नाही हो," ते म्हणाले. "मला स्टँड हवा होता. शिक्षा स्टँडला होते, क्लबला नाही, हे तुमच्याच नियमात आहे. असं काहीतरी हवं होतं की महासंघाला बंद करावंच लागेल. आणि वाक्य माझं थोडंच आहे? घराघरात बोलतात. मी फक्त मोठ्या अक्षरात लिहिलं."

मला त्यांना थोबाडीत मारावीशी वाटली. गुडघा दुखत होता, म्हणून मी फक्त तुकडा उचलला.

६

सरचिटणीसांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला आणि दार लावून घेतलं.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," ते म्हणाले. मग भिंतीकडे बघून, "बाई, ते आमच्या कार्यकारिणीवर आहेत. नाव लिहिलंत तर प्रकरण मोठ्या समितीकडे जाणार. त्यांना उत्तर द्यायला मुदत, मग सुनावणी. हंगाम संपेल. तोवर अंतरिम बंदी उठवता येत नाही, नियम आहे."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"ऐका तर. 'अज्ञात व्यक्तीने' असं लिहा. फाइल आज बंद. त्या माणसावरची बंदी आज उठते. रविवारी तो मुलीच्या सामन्याला बसतो. सचिव तब्येतीचं कारण देऊन जातील, मी बघतो. सगळ्यांचं भलं."

ते वाईट गृहस्थ नाहीत. दमलेले आहेत, माझ्यासारखेच. आणि खरं सांगते, ते मला पटलं. तरीही सही करण्याआधी मी टॅक्सी करून इस्पितळात गेले, कारण पोरगी माझी नव्हती.

भोंग्याने सगळं ऐकलं. मामीने केलं नाही, हे ऐकल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला आणि ग्रीसच्या हातांनीच डोळे पुसले. मग मी त्याला दोन्ही रस्ते सांगितले.

"अज्ञात म्हणजे त्या लोकांना काय कळणार?" त्याने विचारलं.

"कुणी केलं ते सापडलं नाही, एवढंच."

"म्हणजे त्यांना वाटणार, आम्हीच. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो मॅडम, माझी पाठ होती. पण स्टँडवरची आमची माणसं सांगतात, एक बाई जाताना सारखी मागे वळून बघत होती. तिला अजून वाटत असेल ना?"

"असेल."

"तुमची पोरगी पहिल्यांदा खेळणार असती तर काय केलं असतंत?"

"अज्ञात लिहिलं असतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तो हसला. खाली कुठेतरी कुणी बटण दाबलं, दोर हलले, थांबले.

"नाव लिहा," तो म्हणाला. "पोरीला मी सांगतो. आतून नाही, पण भिंतीच्या बाहेरून ऐकेन म्हणावं."

रविवारी दुपारी मी मैदानावर गेले. महासंघाचा पास होता, त्याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग केला. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात सचिवांच्या नावाची बातमी छोटी का होईना, आली होती. सुनावणी होईपर्यंत उत्तर स्टँडला कुलूप होतं, पलीकडे भिंतीबाहेर भोंगा होता, आणि माझ्या कानाला फोन.

"मॅडम, बॉल कुणाकडे?"

"एका मुलीकडे."

"कुठल्या रंगाची?"

"तुमच्या. नाही, थांबा. आता त्यांच्या."

"आमची कुठेय? उंच, वेणी घातलेली. डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?"

समोर वसाहतीचाच मुलींचा संघ होता, त्यामुळे माझ्या आजूबाजूला त्यांचीच माणसं बसली होती. पुढच्या बाकावरची एक मध्यमवयीन बाई माझं ऐकून दोनदा मागे वळली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "कुणाला सांगताय?"

"त्या वेणीवालीच्या वडिलांना. बाहेर आहेत. बंदी आहे त्यांच्यावर."

तिचा चेहरा बदलला. "बॅनरवाले?"

"बॅनरवाला दुसरा. पेपरात आलाय. यांनी तो खाली ओढला. नाव दाबून टाकलं असतं तर आज आत बसले असते. नको म्हणाले."

ती मैदानाकडे वळली. फोनमध्ये भोंगा विचारत होता, काय झालं मॅडम, शिट्टी का वाजली, मॅडम. मला शिट्टी का वाजली ते खरंच माहीत नव्हतं.

"द्या इकडे," ती बाई मागे हात करून म्हणाली. "तुम्हाला काही सांगता येत नाहीये."

मी फोन दिला. तिने तो कानाला लावला, घसा साफ केला.

"हॅलो. कॉर्नर मिळालाय तुम्हाला," ती म्हणाली. "तुमचीच घेतेय. वेणी पाठीवर टाकली, बॉल ठेवला. थांबा, आमची गोलकीपर पुढे आलीय. हां, आता बघा."